बिनधक्क्याची गाडी

रामनगरात बेळगाव-गोवा हायवेला माझं टायरचं दुकान. दुकानामागं जुने टायर साठतात तसे माझ्याकडं गाड्यांचे किस्से साठलेत. आणून कोण टाकतं कळत नाही, पण ढीग काय कमी होत नाही! त्यातले निम्मे एकट्या परशरामअण्णाचे. नव्वद-ब्याण्णवच्या सुमाराला अण्णा सेकंडहँड गाडी शोधत होता आणि मी नि यल्लाप्पा मेस्त्री त्याच्या मागनं फिरत होतो. यल्लाप्पा इंजिन ऐकायचा, मी चालवून बघायचो आणि अण्णा संशय घ्यायचा. त्याची भाताची गिरण. दाताखाली दाणा फोडल्याशिवाय सख्ख्या भावाच्या पोत्यावर विश्वास ठेवायचा नाही, तो गाडीवाल्यावर काय ठेवणार?

कारण मात्र खरं होतं. त्याच्या बायकोची, शांतावैनीची, पाठीतली चकती सरकली होती. जीपमधनं माहेरी बाजारकुणंगला जाऊन आल्या आणि दुसऱ्या दिवशी उठताच येईना. "आता धक्का बसता कामा नये," म्हणून बेळगावच्या डॉक्टरनं बजावलं. तेव्हापासनं माहेर बंद. रात्र रात्र भिंतीला टेकून बसायच्या, डोळ्याला डोळा नाही. तिकडं म्हातारी आई वाट बघतेय, इकडं ह्या. आम्हाला बघवायचं नाही.

आणि अण्णाला गाडी पाहिजे होती ती स्पोर्ट! चार दारं, मागं लांब गादी, पण पळणारी.

"वैनीला आराम पायजे न्हवं? मग पळणारी कशाला गा?" मी विचारलं.

"ट्रकामागं अडकलं की ब्रेक. ब्रेक मारला की धक्का. म्हणून झटक्यात ओव्हरटेक मारणारी पायजे!"

निघालो शोधायला.

* * *

पहिली गाडी गोव्यातनं आली. एजंट म्हणाला, "डॉक्टरची गाडी. सिंगल हँड."

दुसरी आली. तीपण डॉक्टरची. फक्त दवाखाना ते घर फिरलेली.

तिसरा एजंट गाडीतनं उतरला आणि त्यानं तोंड उघडायच्या आतच अण्णानं विचारलं, "डॉक्टरची काय?"

"व्हय! तुम्हाला कसं कळलं?"

"गोव्यात आजारी पडायला तरी कोण उरलंय का न्हाई? समदे डॉक्टरच!"

* * *

मग अण्णानं फुटक्या लाउडस्पीकरातला लोहचुंबक काढून खिशात टाकला. पत्रा कुजला की त्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारतात. लांबीला चुंबक चिकटत नाही. ही विद्या त्याला यल्लाप्पानं शिकवली आणि अण्णा त्या चुंबकापायी येडाच झाला.

खानापूरहून एक लालभडक गाडी आली. चकाचक! पोरंबाळं भोवती जमली. अण्णानं दाराला चुंबक लावला, पडला. बोनेटला लावला, पडला. छपराला लावला, घसरत खाली आला. गाडीवाला घामाघूम.

"फॉरेन टाइप बॉडी हाय अण्णा, वजनाला हलकी."

अण्णा फिरत फिरत मागं गेला आणि नंबरप्लेटला लावला. खटकन चिकटला!

"हेवढं लोखंड हाय बघ. एवढंच इकत दे."

* * *

एका गाडीत एवढा उदबत्तीचा वास, की देवळात बसल्यागत वाटलं. मालक म्हणाला, "आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत न्हाई."

अण्णानं नाक फुगवून वास घेतला. मग मागचं दार उघडं ठेवून चहा प्यायला गेला. आम्ही परत आलो तर सीटवर हॉटेलातलं मांजर! गादी हुंगतंय, चाटतंय, मालकानं शेपटीला धरून ओढलं तरी बाहेर यायला तयार नाही.

"गादीवर बांगडे वाहिलेत लेकानं," यल्लाप्पा म्हणाला.

मालक तरी हट्टी. "मांजराला काय कळतंय?"

अण्णा म्हणाला, "ते डॉक्टर न्हाई, एजंट न्हाई. ते कशाला खोटं बोलंल?"

* * *

एकदा सगळं पटलं. चुंबक चिकटला, इंजिन गुळगुळीत. तर अण्णा म्हणाला, "देवाला इचारून घेतो." आमच्याकडं मोठं काम काढायचं म्हणजे देवीला कौल लावायचा. गुरवानं देवीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, "गाडी घिऊ काय?" डावी पाकळी पडली. म्हणजे नको.

गुरव हसायला लागला. अण्णाचा संशय लगेच जागा झाला.

"हसतोस का?"

"सकाळी गाडीवाला आल्ता. 'इकू काय?' म्हणून त्यानं कौल लावला. त्याला उजवी मिळाली."

अण्णा कपाळाला हात लावून पायरीवर बसला. "म्हंजे गाडीत खोट हाय हे त्यालाबी म्हाईत आणि देवीलाबी म्हाईत. मला एकट्यालाच पत्ता न्हाई!"

* * *

आरामाची परीक्षा अण्णा स्वतः घ्यायचा. मागच्या सीटवर आडवा व्हायचा, वैनीसारखी अंगावर चादर घ्यायचा आणि मी गाडी हाणायची. असंच एकदा जोयडा रोडला जंगलखात्याच्या नाक्यावर गार्डनं अडवलं. चादरीखाली लांबडं काय तरी बघून त्याचे डोळे चमकले.

"काय हाय? सागवान?"

चादरीतनं आवाज आला, "सागवान आसतो तर बायकोनं जपून ठेवला असता!"

गार्ड दचकून मागं सरला. मग गाडीभोवती फिरून आला आणि त्यानं डिकीवर थाप मारली.

"आरं, ही गाडी तुमच्याकडं कशी? मागचा पावसाळाभर चोरट्या लाकडासंगट आमच्या आवारात जप्त पडल्ती न्हवं!"

अण्णा चादरीसकट उठून बसला. ती गाडी आम्ही तशीच एजंटाच्या दारात नेऊन सोडली.

* * *

मग गोव्यातल्या फोंड्याचा एक दुकानदार निळी गाडी घेऊन आला. अण्णा नेहमीसारखा मागं झोपायला निघाला, तोच वैनी दारातनं ओरडल्या, "इतके दिस तुमीच झोपताय, तुमीच उठताय! पाठ कुणाची दुखतीया?"

काठी टेकत आल्या. अण्णा मागच्या सीटच्या कडेला बसला, त्याच्या मांडीवर डोकं ठेवून वैनी आडव्या झाल्या. दुकानदार माझ्या शेजारी. ट्रायल जगलबेटपर्यंत, असं ठरलं होतं.

मी एकेक खड्डा चुकवत चालवत होतो. थोड्या वेळानं मागनं घरघर ऐकू आली. मला वाटलं, गियरबॉक्स गेला! आरशात बघितलं तर वैनी तोंड उघडं टाकून घोरत होत्या. अण्णाला तेही खरं वाटेना. त्यानं त्यांच्या नाकासमोर बोट धरून बघितलं. मग बोट काढलं आणि खिडकीबाहेर बघत बसला. डोळे भरून आले होते त्याचे. खोटं कशाला सांगू, माझेपण आले.

जगलबेट आलं. मी गाडी हळू केली.

"थांबू नको," अण्णा कुजबुजला.

जगलबेट मागं गेलं. रस्त्याला माणूस दिसेना, दोन्ही बाजूंनी रान दाट व्हायला लागलं. दुकानदार एकदा माझ्याकडं बघतोय, एकदा मागं. मी पुढं बघतोय. शेवटी त्याचा धीर सुटला.

"अरे बाबा, ट्रायल किते ही? खंय व्हरता माका, कुठं नेताय? गाडी घेऊन मला रानात टाकणार काय तुम्ही?"

अण्णानं पुढं वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बोंबलू नको लेका. झोपलीया ती."