पंप जोडणारा

फिटरकाकांचं उभं आयुष्य पंप जोडण्यात गेलं. ओतारी बॉडी ओतायचा, त्यांचा मेहुणा लेथवर शाफ्ट कातायचा आणि सगळे भाग शेवटी काकांच्या टेबलावर यायचे. काकांचा हात फिरल्याशिवाय माल कारखान्याबाहेर पडत नसे.

मग उद्योजकतेचं वारं शिरलं. कर्जं सहज मिळू लागली, 'किती दिवस दुसऱ्याची चाकरी करणार?' अशी व्याख्यानं झडली. आधी मेहुणा बाहेर पडला, मागोमाग ओतारी, मग एकेक करत बाकीचे. मालक हुशार, त्याने कारखान्याचे गाळे पाडून ते ह्यांनाच भाड्याने दिले. यंत्रं तीच, माणसं तीच. वाढल्या फक्त पाट्या. एकमेकांचे भाव पाडण्यात जो तो तरबेज झाला. अख्खा पंप मात्र कुणीच बनवेना. काकांनीही गाळा घेतला, पण जोडायला काही आलं तर ना!

एके दुपारी जुनं गिऱ्हाईक आलं. "काका, वर्षभराचं काम आहे. पण पंप तयार हवा, आणि हमी एकाच्याच नावावर."

काकांना हत्तीचं बळ आलं. ते तडक मेहुण्याकडे गेले.

"शाफ्ट हवे तेवढे देतो, भावजी. पण हमी ओताऱ्याने घ्यावी. त्याच्याच बॉडीला भोकं असतात."

ओतारी भडकला. "शाफ्ट त्याचे वाकडे आणि हमी माझी? त्यापेक्षा शटर ओढून घरी बसेन!"

"मग माझ्या नावावर घेऊ."

"तुमच्या? माल परत आला तर भरून काय देणार, काका? पान्हे?"

आजूबाजूचे गाळेवाले हसले. काकाही कसनुसे हसले.

गिऱ्हाईक दोन दिवस थांबलं. "तक्रार घेऊन कुणाच्या दारात जायचं, तेवढंच सांगा," ते म्हणालं. कुणीच सांगेना, तेव्हा त्याने बाहेरून तयार पंप मागवले.

महिनाअखेरीस काकांनी गाळा सोडला आणि ते मेहुण्यासमोर उभे राहिले. "मला ठेवून घे. पडेल ते काम करीन."

"लाजवू नका, भावजी. मीच नोकरी शोधतोय."

"मग त्या दिवशी हो म्हणायला काय झालं होतं रे?"

मेहुणा बंद लेथ पुसत राहिला.

गिऱ्हाइकाच्या गोदामात पंपांची खोकी उतरवायला हमाल हवे होते. काका तिथल्या रांगेत जाऊन उभे राहिले. पुढे ओतारी होता. त्याने मान वळवली नाही.