दादांच्या नाकावरची माशी

प्रत्येक घरात कशा ना कशाचे किस्से साठतात. कुणाकडे घोरण्याचे, कुणाकडे एखाद्या काकाच्या स्कूटरचे. आमच्याकडे नाकाचे आहेत. मुद्दाम कुणी गोळा केले नाहीत, पण लग्नाबारशाला चार माणसं जमली की कुणीतरी एक काढतं आणि मागे रांग लागते! मीसुद्धा सांगते, चांगले रंगवून सांगते. सांगताना माझे कान गरम होतात, पण ते कुणाला कळत नाही, कारण सगळे नाकाकडेच बघत असतात.

आधी नाक सांगते. मधे उंचवटा, शेंडा खाली वळलेला, नाकपुड्या ऐसपैस. हे दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं नाक. माझ्या भावाला, निलेशला, आईचं मिळालं आणि मला हे. नवघरमध्ये आमचं जुनं घर पाडून बिल्डिंग झाली, भातशेती गेली, मिठागर गेलं, शेजारी कोण राहतं तेही आता धड माहीत नसतं. पण मासळी बाजारात एखादी अनोळखी म्हातारी अजून मला थांबवते. "तू पाटलाची न गो?" म्हणते. तिने मला समोरून पाहिलेलंही नसतं, बाजूनेच पाहिलेलं असतं!

*

माझा बायोडेटा फिरत होता तेव्हाची गोष्ट. फोटो अगदी समोरून काढलेला. पावडर, लाइट, सगळं नीट जमवलेलं. मुलाकडचे घरी आले, पोहे झाले. मी रिकाम्या बशा घेऊन आत वळले आणि मुलाची आत्या हळूच, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्याच हळू, म्हणाली, "फोटोग्राफर हुशार आहे हो तुमचा!"

बाहेर हशा पिकला. आमची काकूसुद्धा हसली. मी ओट्याशी उभी राहून बशा घासत राहिले, त्या घासून झाल्यावर पुन्हा घासल्या.

दादा तेवढे उठले. "पंखा वाढवतो," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून रेग्युलेटर फिरवत राहिले. पंखा आधीपासूनच पाचावर होता.

*

निलेशच्या हळदीत आख्खी गल्ली नाचत होती. व्हिडिओवाला दादांच्या मागे लागला होता. दादा नवऱ्या मुलाचे वडील, त्यांचा एक तरी चांगला शॉट हवा ना! पण कॅमेरा वळला की दादांचा हात नाकावर.

"काका, हात काढा! नाकावरचा हात काढा!"

"माशी हाय रं," दादा म्हणाले.

तीन तासांचा व्हिडिओ आला. हळद लावताना माशी, मांडवात माशी, व्याह्यांना भेटताना माशी! तेव्हापासून आमच्याकडे कुणी मोबाइल वर केला की पोरं ओरडायची, "दादा, माशी आली का?" सगळ्यात मोठ्याने मी ओरडायचे.

*

चौतीस पूर्ण झाली तेव्हा मी ठरवलं, नाकाचं ऑपरेशन करायचं. लग्नासाठी नाही, लग्नाचा विषय केव्हाच मागे पडला होता. मला फक्त एकदा दुकानाच्या काचेत स्वतःला बाजूने बघून पुढे जाता यायला हवं होतं. हे कुणाला सांगायची लाज वाटायची. म्हणून घरी सांगितलं, सायनस आहे.

मी भाईंदर पूर्वेला एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते. खरं कारण फक्त जागृतीला माहीत होतं. जागृती रक्त काढते, गुजराती आहे, आणि तिला प्रत्येक गोष्टीवर मत असतं.

पहिला डॉक्टर मीरा रोडचा. क्लिनिकमध्ये गारेगार एसी, भिंतभर फोटो, ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे. जागृती उठून एकेक फोटो बघत गेली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सुप्रिया, आधीचे नाक सब अलग अलग, बादवाले सगळे सेम टू सेम! इसके पास एकच साचा आहे. ढोकळ्यासारखे कापतोय!"

आत डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, तेही समोरून, आणि विचारलं, "मग डेट कुठली देऊ?"

"सर, दोन मिनटं हां, गाडी नो पार्किंगमध्ये लागलीय," जागृती म्हणाली आणि मला हाताला धरून बाहेर घेऊन आली. आम्ही शेअर रिक्षाने गेलो होतो!

*

दुसऱ्या डॉक्टर बाई होत्या. काशीगावकडे, हायवेच्या बाजूला लहानसं क्लिनिक. फोटो एकही नाही. भिंतीवर फक्त त्यांच्या डिग्र्या, त्या जागृतीने चष्मा लावून वाचल्या.

"कशासाठी करायचंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"श्वास घ्यायला त्रास होतो," मी म्हणाले. घरी बोललेलं खोटं जिभेवर तयारच होतं.

त्यांनी एक थंडगार धातूची पट्टी माझ्या नाकाखाली धरली. दोन्ही बाजूंना सारखीच वाफ धरली. त्यांनी पट्टी मला दाखवली. "श्वास तर माझ्यापेक्षा छान चालतोय तुमचा. आता खरं सांगा."

मी खरं सांगितलं. आत्या, फोटो, दुकानाची काच, सगळं. सांगताना इतकी शरमले की मधे दोनदा "सॉरी" म्हणाले. त्या म्हणाल्या, यात सॉरी काय, अनेक जण करतात. मग काय बिघडू शकतं तेच आधी सांगितलं. सूज किती दिवस राहते, आकार बसायला वर्ष लागतं, कधी कधी दुसऱ्यांदा करावं लागतं. तारीख काही दिली नाही. "पंधरा दिवस विचार करा. तेव्हाही करावंसं वाटलं तर या. येताना घरचं माणूस आणा."

बाहेर येऊन जागृतीने निकाल दिला. "जिला घाई नाही, तिच्याकडेच करायचं."

*

पंधरा दिवसांनीही करावंसंच वाटलं. घरचं माणूस म्हणून मी निलेशला नेणार होते. जायच्या दिवशी सकाळी बघते तर दादा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे! "सायनस म्हंजे डोक्याजवलचा काम हाय. मी येतो."

सायनस म्हटल्यावर नको तरी कसं म्हणणार!

क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर माझा बाजूने काढलेला फोटो लावला. स्क्रीनभर नाक! त्यांना वाटलं, घरच्यांना सगळं सांगूनच मी आले असणार. "हा उंचवटा आहे ना, हा काढायचा. शेंडा थोडा वर घ्यायचा. हे रुंद दिसतंय, ते कमी करायचं," असं पेनाने दाखवत त्या सांगत गेल्या, आणि सांगता सांगता त्यांचं लक्ष माझ्या शेजारी बसलेल्या दादांच्या चेहऱ्याकडे गेलं. पेन तिथेच थांबलं.

दादा स्क्रीनकडे बघत होते. तिकडे बघतच त्यांनी विचारलं, "मंग सायनस?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघितलं. त्या फरशीवर एक बारीक तडा होता, तो मला अजून पाठ आहे.

परत येताना रिक्षात, गोल्डन नेस्टचं सर्कल गेलं तेव्हा दादांनी एकच विचारलं. "बाय, दुखंल का गो?"

"नाही, भूल देतात."

"मंग कर."

*

घरी गेल्यावर मला वाटलं, आता सगळ्यांना कळणार. दादा चप्पल काढता काढता मोठ्याने म्हणाले, "सायनसच हाय. ऑपरेशन कराया लागंल."

ती माशी सोडली तर आयुष्यात खोटं न बोललेला माणूस! आणि एकदा बोलल्यावर थांबेचना. नाक्यावर सांगितलं, देवळात सांगितलं, भजनी मंडळात सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून औषधं घेऊन आख्खी गल्ली दारात! कुणी ओव्याची पुरचुंडी शेकायला आणली, कुणी कांद्याचा रस. खालच्या मजल्यावरच्या मौशीने तर समोर बसून वाफारा घ्यायला लावला. कसला सायनस नि कसलं काय! टॉवेलखाली मी घामाने निथळत होते, आणि त्याहून जास्त लाजेने.

एवढ्यात टॉवेलची दुसरी कड उचलली गेली आणि दादा आत शिरले.

"तुम्हाला काय झालंय?" मी कुजबुजले.

"तुना एकटीला कशाला तरास," ते म्हणाले.

पातेल्यावर आमची दोन नाकं समोरासमोर. दोन्ही गळायला लागली. मी दादांना सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मौशी बाहेरून ओरडली, "बोलू नका! ओढा!"

आम्ही ओढलं. ते सॉरी राहिलं ते राहिलंच.

*

ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली होती. दादा त्याआधीच गेले. सकाळी चहा पिता पिता, खुर्चीतच.

बाराव्याला हार घालायला फोटो हवा होता. सगळ्यांचे मोबाइल शोधले. निलेशचं लग्न, वास्तुशांत, गणपती, सगळीकडे हात नाकावर. या वेळी माशीचं नाव कुणी काढलं नाही. आधार कार्डावरचा फोटो मोठा केला की नुसते ठिपके दिसायचे. शेवटी आईने कपाटातल्या डब्यातून दादांचं कंपनीचं जुनं ओळखपत्र काढलं. डोळे स्पष्ट, मिशी स्पष्ट, मान जराशी तिरकी. पण कंपनीचा गोल शिक्का नेमका नाकावर.

ते घेऊन मी आणि निलेश खारीगावातल्या स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाल्याने फोटो कॉम्प्युटरवर घेतला, बराच वेळ खटपट केली आणि मान हलवली.

"बाकी सगळं होईल. शिक्का काढला तर खाली नाकच राहत नाही. घरात कुणाचं त्यांच्यासारखं नाक आहे का? त्याचा फोटो काढून इथे बसवतो, कुणाला कळणार नाही."

त्याने निलेशकडे निरखून पाहिलं. निलेशने नकारार्थी मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं.

मी स्टुलावर बसले. दोन्ही दिवे लागले. मान दादांसारखी जराशी तिरकी करायला लावली, हनुवटी थोडी वर. स्टुडिओवाला कॅमेऱ्यामागे गेला, डोळा लावला आणि पुन्हा डोकं बाहेर काढलं.

"ताई," तो म्हणाला, "नाकावरचा हात काढा."