घेण्याचा मान

हेमचंद्रांनी आयुष्यात कुणाची टाचणीसुद्धा फुकट घेतली नाही, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! सिंगापूरच्या बँकेत त्यांचं कामच ते होतं, कुणी कुणाकडून भेटवस्तू घेत नाही ना, यावर नजर ठेवायची. चिनी सणाला कुणी मूनकेक मिठाईचा डबा पुढे केला की हे दोन्ही तळहात आडवे धरून म्हणत, "नो, नो, थँक यू." बायको, सविता, म्हणायची, "अहो, देव प्रसन्न झाला तरी त्याला माघारी धाडाल तुम्ही!"

असा हा सरळमार्गी गृहस्थ अठ्ठावन्नाव्या वर्षी ग्रीकांच्या नादी लागला. बेडोक स्टेशनावर एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, चढलं की कानात इयरफोन घालायचे आणि हजारो वर्षांमागची महाकाव्यं ऐकायची. डोळे मिटले की स्टेशनं विरघळून जात. समुद्रानं किनाऱ्यावर फेकलेला वीर कुणाच्या तरी दारी उभा आहे, त्याचे पाय धुतले जाताहेत, पोटभर जेवण होतंय, निघताना यजमान तलवार नाहीतर कढई देतोय. ती नाकारणं म्हणजे घराचाच अपमान! रणांगणावर मान मिळवावा लागे, तसा ओसरीवरही राखावा लागे. हेमचंद्रांना हे सगळं फार गोड वाटे. पण गोड वाटणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं.

एका शनिवारी ते एकटेच पुलाउ उबीन बेटावर गेले. भाड्याच्या सायकलची चेन भर दुपारी तुटली. शेजारीच कांपोंगमधलं, म्हणजे मलय वाडीतलं, जुनं लाकडी घर होतं. तिथल्या म्हाताऱ्या पाक सालेहनं, म्हणजे सालेहकाकानं, एका शब्दानं चौकशी न करता त्यांना ओट्यावर बसवलं, नको म्हणायच्या आत हातात नारळपाणी दिलं, तळलेली केळी दिली आणि स्वतः चेन जोडायला बसला. झावळ्या हलत होत्या, उन्हालासुद्धा पेंग आली होती. लाटांनी फेकलेला तो वीर आपणच, असं हेमचंद्रांना वाटायला लागलं.

निघताना म्हाताऱ्यानं आतून पितळेचा पानाचा डबा आणला. त्याच्या बायकोचा. ती गेली त्याला चार वर्षं झाली होती.

"घे लाह," तो तिथल्या आग्रहाच्या बोलीत म्हणाला.

हेमचंद्रांचे तळहात आपोआप आडवे झाले. "नो, नो, थँक यू."

 म्हातारा डबा लुंगीला पुसून आत घेऊन गेला.

हेमचंद्र सायकल परत करून धक्क्यावर आले. बारा माणसं झाल्याशिवाय तिथली बोट सुटत नाही. अकराजण ताटकळले होते, हे बारावे. एक पाय बोटीत टाकला आणि त्यांना आई आठवली. पहिल्यांदा सिंगापूरला निघताना तिनं स्वतःचा खलबत्ता घासूनपुसून पुढे केला होता. "बॅगेत वजन होईल गं," म्हणून यांनी तो तिच्याच हातात परत ठेवला. तिनंही तो पदराला पुसून परत फळीवर ठेवला होता. अरे देवा! आयुष्यभर मान मान म्हणून मिरवला, तो नुसता माज होता की काय?

त्यांनी पाय मागे घेतला. अकराजणांनी तीन भाषांत शिव्यांची लाखोली वाहिली.

घामाघूम होऊन ते त्या घराशी पोचले. म्हातारा ओट्यावरच बसला होता. वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं विसरून हेमचंद्रांनी ओंजळ पुढे केली.

"पाक, तो डबा द्या मला. हवाय मला." अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा ते कुणाकडे काही मागत होते. 

 म्हाताऱ्यानं सरकून जागा करून दिली.

"भात टाकलाय. आधी जेव, मग ने."

हेमचंद्र त्याच्याशेजारी बसले आणि लहान पोरासारखे रडले.