नळाखाली विसळलेलं मोजपात्र

एमएस्सी झाल्यावर मला अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका छोट्या लॅबमध्ये नोकरी लागली. कारखान्यात मशीनवर न जाता लॅबमध्ये गेलेली आमच्या घरातली मी पहिलीच.

तिथे जेलीफिशच्या प्रकाश देणाऱ्या प्रोटीनवर काम चालायचं. या प्रोटीनच्या आत एक छोटा रेणू घट्ट बसलेला असतो. बाहेरून कॅल्शियम येऊन चिकटलं की प्रोटीनचा आकार बदलतो आणि निळा प्रकाश पडतो. एकदाच. मग तो रेणू संपतो.

त्या सकाळी बर्फात पॅक केलेली त्या प्रोटीनची एकच कुपी आली.

"लवकर ट्यूबमध्ये वाटून ठेव," लॅबच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या.

प्रोटीन पातळ करायचं मिश्रण बनवायला घेतलेलं काचेचं मोजपात्र मळलेलं निघालं. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन रिकामा. मी मोजपात्र नळाखाली विसळलं, झटकलं आणि ओलंच वापरलं. भरलेल्या ट्यूब बर्फाच्या डब्यात ठेवल्या.

दुपारी मॅडमनी पहिली ट्यूब प्रकाश मोजणाऱ्या मशीनमध्ये ठेवून कॅल्शियम सोडलं. स्क्रीनवरची रेघ हललीच नाही. दुसऱ्या ट्यूबचं तेच.

"नळाचं पाणी लागलंय कुठेतरी," त्या म्हणाल्या. आमच्या नळाला बारवी धरणाचं पाणी, त्यात कॅल्शियम असतंच. प्रोटीन बर्फाच्या डब्यातच उजळून संपलं होतं.

त्यांनी काचसामान धुणाऱ्या मावशींना बोलावलं.

"मावशी, शेवटी कुठल्या पाण्याने धुतलंत?"

"कॅनमधल्याच, मॅडम."

"कॅन तर रिकामा आहे!"

"काल संध्याकाळी संपला. तेव्हाच सांगितलं होतं मी."

कुणाला, ते त्या बोलल्या नाहीत. सांगितलं होतं मला. मावशी पदराला हात पुसत खाली बघत उभ्या होत्या.

"मॅडम, मी विसळलं मोजपात्र. नळाखाली."

मॅडम माझ्याकडे वळल्या.

"आणि मी मावशींना झापत होते, तेव्हा तू ऐकत होतीस?"

मी उरलेल्या ट्यूब परत बर्फात ठेवल्या.

"प्रोटीन मेलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "कॅल्शियम काढ, नवा रेणू घाल आणि उद्यापर्यंत फ्रिजमध्ये ठेव."

दुसऱ्या दिवशी रेघ उठली, पण अपेक्षेच्या निम्मीच. त्यावरच काम भागवलं. पुढे बरेच दिवस मॅडमनी मला कुपीला हात लावू दिला नाही.

मी मावशींची माफी मागितली. "माझं नाव का नाही घेतलंत?"

"वाटलं, तूच सांगशील," त्या म्हणाल्या. "नसतं सांगितलंस, तर मी सांगणार होते."