हूक रिकामा असताना

आमच्या लोखंडाच्या गोदामात क्रेन चालवणाऱ्याला सगळे 'वरचा' म्हणत. नाव होतं त्याला, पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. क्रेनची केबिन छपराला चिकटून होती. तिथं जायला भिंतीला उभी लोखंडी शिडी. सकाळी तो डबा, पाण्याची बाटली आणि एक जाड पुस्तक पिशवीत घालायचा, पिशवी पाठीला अडकवून चढायचा आणि संध्याकाळीच उतरायचा. मधे उतरणं परवडत नाही. ती शिडी चढणं हेच अर्ध्या दिवसाचं काम.

मी खाली. गर्डरांना साखळ्या बांधायच्या, हुकात अडकवायच्या आणि वॉकीटॉकीवर 'उचल' म्हणायचं. उभं आयुष्य तेच केलं. साखळी चांगली बांधली तरी काम निम्मंच होतं, उरलेलं निम्मं उचलणाऱ्याच्या हातात. वरच्यानं कधी हिसका दिला नाही. काठोकाठ भरलेलं भांडं उचलावं तसं तो लोखंड उचलायचा.

हा माणूस जमिनीवर मात्र मुका. फाटकापाशी भेटला की मान हलवायचा आणि बुटांकडे बघत पुढं जायचा. नवीन कोणी आलं की त्याला तो शिष्ट वाटायचा. शिष्ट नव्हता. समोरच्यानं तोंडाकडे पाहिलं की त्याची जीभ टाळूला चिकटायची, एवढंच.

गोष्टी सुरू झाल्या त्या दिवशी ट्रक फाटकाबाहेर बंद पडला होता. आम्ही हात बांधून बसलेलो. लोखंड कापणारा आमचा कटरवाला, त्याच्या तोंडाला स्वस्थता नाही. त्यानं वॉकीटॉकी उचलला.

"वरच्या, झोपलास का रे?"

"वाचतोय."

"काय वाचतोयस?"

"कादंबरी. खुनाची."

"कुणी केला?"

बराच वेळ नुसती खरखर. मग वरून आवाज आला. "अजून उघड झालं नाही. पण जो सगळ्यांच्या मदतीला धावतोय ना, त्याच्यावर माझा डोळा आहे."

"मग आपला सुपरवायझर सुटला," कटरवाला म्हणाला.

वर कोणीतरी हसलं. वरच्याचं हसणं आम्ही पहिल्यांदा ऐकलं. आणि मग त्यानं पहिल्या पानापासून सगळं सांगितलं. सावकाश, स्पष्ट, कुठं अडखळणं नाही.

तेव्हापासून ते चालूच राहिलं. नियम त्यानंच घातला होता, हुकाला वजन असताना गोष्ट नाही. ट्रक आला की वाक्याच्या मधेच थांबायचा. एकदा एक मुलगी घर सोडून निघाली, हात कडीवर, आणि तीन ट्रक लागले. संध्याकाळपर्यंत ती कडीला हात लावून उभी. वजनकाट्यावरच्या बाई त्यांच्या वॉकीटॉकीवर सगळं ऐकायच्या, जेवायच्या सुट्टीत मला म्हणाल्या, "अहो दादा, जरा भराभर बांधा ना साखळ्या, तिचे हात दुखले असतील." मी म्हणालो, साखळी भराभर बांधत नसतात.

बाईंना प्रेमाच्या कादंबऱ्या लागायच्या.

"तिनं काय घातलं होतं?" त्या विचारायच्या.

"लिहिलेलं नाही."

"भेटायला गेली आणि काय घातलं ते लिहिलं नाही? लेखकाचं लग्न झालंय का नाही?"

कटरवाल्याला लढाया हव्यात. मला कुठल्याही चालायच्या, पण मी बघायचो माणसं काम किती करतात ते. राजे दिवसभर घोडे दौडवतात आणि रात्री सल्लामसलत करतात. घोड्याला पाणी कोण दाखवतो? मी विचारलं की वरचा म्हणायचा, "तो माणूस कादंबरीत नाही. पण असणार, नाहीतर दुसऱ्या प्रकरणापर्यंत घोडे पोचले नसते."

तो नुसती गोष्ट सांगून सोडायचा नाही, शेवटी स्वतःचं मतही द्यायचा. भुताच्या एका कादंबरीवर म्हणाला, "भूत बिचारं रिकाम्याच घरात राहतं. भरल्या घरात त्याला जागा कुठली?" अंतराळात एकटा अडकलेल्या माणसाची एक होती. तो पानंच्या पानं स्वतःशी बोलायचा. वरच्याला ती पटली नाही. "लिहिणारा कधी वर बसलेला नाही. एकटा माणूस स्वतःशी इतकं बोलत नाही. त्याला ठाऊक असतं तेच त्याला परत कशाला सांगेल?"

कटरवाल्यानं वॉकीटॉकी उचलला, परत ठेवला आणि कटर पुसायला घेतला.

घरी त्याची आई होती तोवर दोन माणसं होती. आई गेल्यावर बहिणीनं एक स्थळ आणलं. हे बहिणीनंच बाईंना सांगितलं, ती बाईंच्या गल्लीत राहायची. हा नवा शर्ट घालून गेला. चहा झाला, फराळ झाला, हा बशीकडे बघत बसलेला. शेवटी मुलीच्या आईनं बहिणीला आत नेऊन विचारलं, "यांना ऐकू येतं ना?" बहीण घरी येऊन रडली. दुसऱ्या दिवशी वरच्यानं आम्हाला एक विनोदी कादंबरी सांगितली. आम्ही पोट धरून हसलो. आम्हाला तेव्हा काहीच माहीत नव्हतं.

मग नवी क्रेन आली. केबिन नाही. एक पेटी पट्ट्यानं पोटावर बांधायची, बटणं दाबायची आणि मालाशेजारी जमिनीवर उभं राहायचं. वॉकीटॉकी जमा करून घेतले, गरज उरली नाही. वरचा खाली आला.

त्या वेळी एक गोष्ट अर्धी होती. बोटीवरचा एक आचारी घर सोडून जातो, खूप वर्षांनी परत येतो. दार वाजवतो. बायको दार उघडते आणि त्याच्याकडे बघत राहते. तिनं ओळखलं की नाही हे सांगायच्या आत ट्रक आला होता. दुसऱ्या दिवसापासून केबिन बंद.

पहिल्या मोकळ्या वेळात आम्ही त्याच्याभोवती जमलो. कटरवाल्यानं त्याच्यासाठी खोकं उपडं घातलं. "बस. आता आरामात सांग. दारात उभी आहे ती."

वरचा बसला. पेटी मांडीवर घेतली. तोंड उघडलं, एकेकाकडे पाहिलं आणि खाली बघायला लागला. मान लाल झाली. "नंतर," म्हणाला.

नंतर आलंच नाही. कटरवाला चिडवायचा, "काय रे, खाली आल्यावर भाव वाढला का?" मग चिडवणंही संपलं. डबा खायला वरचा मागच्या भिंतीपाशी जाऊ लागला. पिशवीत डबा आणि बाटली, पुस्तक नाही.

मी आधी निवृत्त झालो, तो नंतर. माझी मुलगी लांब असते, फोन करते. घरी मी आणि रेडिओ. एक दिवस बाजारात बाई भेटल्या. म्हणाल्या, "वरचा लायब्ररीत येतच नाही हो आता. तिथला माणूस म्हणत होता, पैसे भरलेत आणि पुस्तक नेत नाही. मी बहिणीला विचारलं. म्हणते, दिवसभर खिडकीशी बसतो. वाचायचं कशाला, सांगायचं कुणाला, असं म्हणाला तिला."

मला ते नीट कळलं. उचललेला माल ठेवायला जागाच नसेल तर उचलणार कोण?

आचाऱ्याची कादंबरी मी बाईंच्या नावावर आणवली. आयुष्यात पहिलीच. सांगतो, ते हलकं काम नाही. दहा-बारा पानं झाली की मान धरायची. माणसांची नावं विसरायचो, मागं जाऊन बघायचो. आचारी चुलीसमोर घाम पुसतो ते बरं लिहिलं होतं. बाकी समुद्राची वर्णनं गाळावीशी वाटली, पण गाळली नाहीत. घेतलेलं काम पुरं करायचं.

पुरं केलं आणि त्याच्या घरी गेलो. दोन खोल्या, पुढची बसायची, मागं स्वयंपाकघर. मला बघून त्यानं मान हलवली, खुर्ची पुढं केली. स्वतः पलंगाच्या कडेवर बसला.

"बरा आहेस ना?" मी म्हणालो.

मान हलली.

"ती आचाऱ्याची वाचली मी."

त्यानं एकदम वर पाहिलं आणि लगेच जमिनीकडे.

"मला नाही आवडला तो माणूस," मी म्हणालो. "एवढी वर्षं खपला, एवढं चालून आला. बायको दारात. आणि हा पाणी मागतो, पितो, कोण आहे ते न सांगता निघून जातो. दोन शब्द बोलायचे होते फक्त. भित्रा."

वरच्याचे ओठ हलले. तो उठला, "चहा," म्हणाला आणि आत गेला.

भांडं ठेवल्याचा आवाज झाला. गॅस पेटला. मी पायाशी ठेवलेल्या माझ्या पिशवीला हात घातला, आता निघावं म्हणून.

"भित्रा नव्हता तो."

आवाज आतून आला. सावकाश, स्पष्ट. तोच आवाज. मी पिशवी सोडून दिली.

"वाटेत त्यानं सगळं ठरवलेलं असतं. काय बोलायचं, आधी काय, मग काय. ते पान वाचलंस ना?"

"वाचलं."

"मग दार उघडतं आणि ती त्याच्याकडे बघत राहते. सरळ तोंडाकडे. तिनं तसं बघायला नको होतं. जरा आत वळली असती, काही शोधल्यासारखं केलं असतं, तरी तो बोलला असता."

आत कपबशा काढल्याचा आवाज आला.

"तिनं ओळखलं होतं त्याला," तो म्हणाला. "पाणी आणते तेव्हा भांडं कुठलं आणते ते बघ. पाहुण्याचं नाही आणत. पण हे आधीपासून सांगायला पाहिजे. तू गडबडीत वाचलंयस."

"गडबडीत नाही वाचलं."

"मग ऐक."

माझी खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून होती. आवाज न करता उचलली आणि भिंतीकडे वळवून बसलो. समोर पोपडे आलेला रंग आणि एक खिळा. मागून तो सांगत होता, आचाऱ्याच्या घरापासून, अगदी पहिल्या पानापासून. चहा उतू गेल्याचा वास आला. त्यानं गॅस बंद केला तरी बोलणं थांबलं नाही, आणि तो बाहेरही आला नाही. मी चहा मागितला नाही.