पंख्याला दिलेली पत्रिका

भूतबीत, नजर, करणी... असलं कुणी सांगायला लागलं की पहिली हसणारी मी. शिरूरजवळच्या एका कागद कारखान्यात माझं कामच पुराव्याचं — मशिनवरचे सेन्सर थरथर मोजतात, काही वेगळं घडलं की वेळेसकट लॉगमध्ये नोंद पडते आणि तो लॉग मी वाचते. लॉग खोटं बोलत नाही, असं सगळ्यांना ऐकवायचे.

बॉयलरचा धूर ओढणारा मोठा पंखा म्हणजे आमची कायमची डोकेदुखी. लॉग चाळताना लक्षात आलं, त्याचे अलार्म नेमके आमचे फिटर ज्ञानोबामामा रजेवर असले की येतात! मी योगायोग म्हणून हसून सोडून दिलं. मामांना मात्र हसू येईना. थोरल्या लेकीच्या लग्नात अक्षता पडल्या, तेव्हा मामा मांडव सोडून इथे बेअरिंग बदलत होते. आता धाकटीचं लग्न होतं, दौंडला.

रजेच्या आदल्या दुपारी मामांनी कुंकू लावलेली पत्रिका पंख्याच्या पायथ्याशी ठेवली. त्यांच्या लेखी पंखा म्हणजे बाईमाणूस.

"पोरीचं लगीन हाय बाई. तेवढा दिस गुमान चाल."

"मामा, ती येणार कशी हो?"

"न्हाई आली तरी निवतं द्यायचं आपलं काम, म्याडम."

लग्नात मामांपेक्षा मीच धास्तावलेली, कारखान्यातून बोलावणं येईल म्हणून फोन सारखा हातात. मुहूर्त साडेबाराचा, पण नवरदेवाची मिरवणूक डीजेपुढून हलेचना... मंगलाष्टका सुरू झाल्या एक वाजून दहा मिनिटांनी. फोन वाजला नाही. मामांनी लेकीवर अक्षता टाकल्या आणि सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडले. मीही रडले, खोटं कशाला बोलू!

दुसऱ्या दिवशी लॉग उघडला. अलार्म एकही नाही. फक्त एक नोंद — एक दहा ते एक सोळा, थरथर शून्य. चालत्या पंख्याची थरथर कधी शून्य होतच नाही, आणि इथे पंखा पूर्ण वेगात, मोटरचा करंट तसाच, बॉयलर चालू! दोन बेअरिंगचे दोन वेगळे सेन्सर, वायरी वेगळ्या, सगळं तपासलं... ठणठणीत. घड्याळही बरोबर. आणि पत्रिकेवर तर साडेबारा छापले होते.

मामांना दाखवलं. "उभी ऱ्हायली असंल मंगलाष्टकांना," म्हणाले आणि लग्नातला बुंदीचा लाडू घेऊन पंख्याकडे गेले.

रिपोर्टमधला कारणाचा रकाना अजून कोराच आहे. काय लिहू, तुम्हीच सांगा. मार्गशीर्षात माझं लग्न आहे. पहिली पत्रिका कुलदैवताला जाईल... दुसरी कुणाला, ते आईला अजून सांगितलेलं नाही.