मामा गाडी सावकाश चालवतो

माझ्या बायकोच्या धाकट्या भावाइतका सावकाश गाडी चालवणारा माणूस उभ्या सिंगापुरात नसेल, आणि बारा-बारा, चोवीस-चोवीस तासांच्या शर्यतींत गाडी पळवणं हाच कित्येक वर्षं त्याचा पोटापाण्याचा उद्योग होता. एकदा भाड्याची गाडी घेऊन आम्ही सगळे मलाक्क्याला गेलो, तेव्हा कोंबड्या वाहून नेणारा एक टेम्पोसुद्धा आम्हाला मागे टाकून गेला. माझी लेक मागच्या सीटवरून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "मामा सो स्लो, लाह." त्यावर तो शांतपणे म्हणाला, की ट्रॅकवर सगळे शहाणे असतात, रस्त्यावर कोण काय करेल सांगता येत नाही. हे बोलताना त्याने एका सायकलवाल्याला पुढे जाऊ दिलं.

माझा स्वतःचा वाहनाशी संबंध एवढाच, की रोज सकाळी सेरंगूनहून बुओना व्हिस्टाच्या ऑफिसला ज्या एमआरटीने, म्हणजे मेट्रोने, जातो तिला ड्रायव्हर नसतो, आणि मी पुढच्या काचेपाशी उभा राहतो. बोगद्यातल्या वळणावर माझं अंग आपोआप झुकतं. सिंगापुरात गाडी घेण्याची ऐपत नसल्यामुळे माझी ड्रायव्हिंगची हौस मी मेव्हण्यावर भागवून घेतली. पुण्यात त्याला स्कूटर मीच शिकवली, हे मी ऑफिसातल्या प्रत्येकाला सांगितलेलं आहे. खरं म्हणजे मी मागून धावत होतो, आणि तो कोपऱ्यावरून वळून दिसेनासा झाल्यावर भिंतीला टेकून बसलो होतो.

त्याच्या सवयींची मात्र मला लाज वाटे. शर्यतीच्या गाडीत भट्टीसारखं तापतं, त्याचा सराव म्हणून तो भर दुपारी लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालून आमच्या काँडोभोवती पळायचा. सिक्युरिटीच्या अंकलनी मला हळूच विचारलं, की तुमच्या पाहुण्यांना बरं नाही का. पाणी तो घोटाघोटाने, ठरल्या वेळी प्यायचा; जेवताना तिखट लागलं तरी वेळ झाल्याशिवाय पेल्याला हात लावायचा नाही. आणि झोप म्हणाल तर कुठेही. शर्यतीत तिघे ड्रायव्हर आलटून पालटून एकच गाडी चालवतात. दुसऱ्याची पाळी असताना त्या गदारोळात याने झोपायचं असतं. त्यामुळे कधी आमच्या शू-रॅकला टेकून, कधी गणपतीच्या आरतीत उभ्या उभ्या तो झोपून घ्यायचा. माझ्या बढतीची हकीकत मी रंगवून सांगत होतो, तेव्हा तो मध्यावर झोपला आणि शेवटाला जागा होऊन त्याने अभिनंदन केलं. पुढे माझ्या लक्षात आलं, मधल्या भागात ऐकण्यासारखं काही नव्हतंच.

मलेशियातली ती बारा तासांची शर्यत आली तेव्हा मी बस ठरवली. इथल्या मराठी मंडळातली कुटुंबं आणि माझ्या ऑफिसातले लोक गोळा केले, मेव्हण्याचा चेहरा छापलेले टीशर्ट सगळ्यांना वाटले. त्याच्या पुढच्या वर्षाचा करार या शर्यतीवर ठरणार होता, हे फक्त मला आणि बायकोला ठाऊक होतं. सकाळी शर्यत सुरू झाली. मी दिवसभर लोकांना टायर, पेट्रोल आणि डावपेच समजावून सांगत होतो. जे समजावत होतो ते मला त्याच सकाळी बसमध्ये मोबाइलवर वाचून कळलं होतं.

संध्याकाळी शेवटचा टप्पा त्याच्याकडे होता आणि त्याची गाडी तिसरी होती. एवढं टिकवलं की झालं. मी घरचा माणूस म्हणून टीमच्या गॅरेजमध्ये कानाला हेडफोन लावून उभा होतो. अचानक हेडफोनमध्ये मेव्हण्याचा आवाज आला, मी आत येतोय. इंजिनिअरने गाडीला काय झालं विचारलं. तो इंग्रजीत म्हणाला, "गाडी ठीक आहे. ड्रायव्हर ठीक नाही."

तो आला, उतरला, आणि गाडीच्या मालकाला त्याने आपल्या हाताने पट्टे बांधून आत बसवलं. मालक म्हणजे तिघांतले तिसरे ड्रायव्हर, पन्नाशीचे, फरशांचा व्यापार करणारे हौशी गृहस्थ. ते जपून चालवत सहावे आले. टीशर्टवरच्या चेहऱ्यांनी भरलेली आमची बस परत निघाली तेव्हा मी उभा राहून ब्रेकच्या तेलाबद्दल काहीतरी सांगायला लागलो. मेव्हणा आमच्याच बरोबर परतत होता. तो पुढच्या सीटवरून उठला आणि सगळ्यांना म्हणाला, की गाडीला काही झालं नव्हतं; त्याला वळण उशिरा दिसायला लागलं होतं, आणि पुढच्या गाड्यांत माणसं होती. मग थर्मासमधलं पाणी ठरल्याप्रमाणे दोन घोट पिऊन तो झोपला. मी मात्र सरहद्दीवरच्या जोहोरच्या इमिग्रेशनपर्यंत टक्क जागा होतो.

करार गेला. टीमने फोनवर दोन वाक्यांत सांगितलं. आठवडाभराने जुरोंग ईस्टला त्याच्या घराखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, मी त्याच्याशी भांडलो. अरे, थोडंच तर उरलं होतं, बाहेर कोणाला काय कळणार होतं, असं मी म्हणालो. त्याने माझ्यासमोरचा तेहचा, म्हणजे इथल्या दुधाच्या चहाचा, पेला सरळ केला.

"भावोजी, मला कळलं होतं ना."

डॉक्टरांनी तपासून डोळे ठणठणीत असल्याचं सांगितलं. उन्हाने आणि शिणाने तसं होतं म्हणाले. तरी कोणत्याही टीमने पुन्हा बोलावलं नाही. स्वतःहून गाडीतून उतरणारा ड्रायव्हर म्हणून त्याचं नाव झालं. आता तो होतकरू ड्रायव्हरांना शिकवतो. त्यांना तो पहिल्यांदा काय शिकवतो, तर थकल्याचं मोठ्याने बोलायला. त्यातला एक जण आता त्याच टीममध्ये आहे.

परवाच्या रविवारी मलेशियातली तीच शर्यत टीव्हीवर होती. तो आमच्याकडे जेवायला आला होता आणि सोफ्यावर बसून बघत होता. मी नेहमीप्रमाणे समालोचन सुरू केलं. मग माझं लक्ष खाली गेलं. गाडी वळणाशी आली की त्याचा डावा पाय फरशीवर दाबला जात होता, शर्यतीत डाव्या पायाने ब्रेक दाबतात तसा, अगदी हळू. पण मध्ये टीपॉय येत होता. मी बोलणं थांबवलं, उठलो, आणि त्याला कळणार नाही अशा बेताने टीपॉय थोडा बाजूला सरकवला.